लोकप्रतिनिधी आणि त्याचा पोटधंदा

गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे अभ्यास शिबिर झाले. शेवटच्या सत्रात ठराव वाचले गेले. पाचवा ठराव असा होता की, निवडून आलेल्या कोणत्याही लोकप्रतिनिधीने, मग तो ग्रामपंचायतीतला असो की लोकसभेतला, पदावर असेपर्यंत दुसरी कोणतीही नोकरी, व्यवसाय अगर धंदा करू नये. ठराव मांडणारा मुलगा कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या बोलण्यात चीड होती आणि ती खरी होती. टाळ्या पडल्या, हात वर झाले. माझा हात वर गेला नाही.

नंतर चहाच्या वेळी त्या मुलाने मला गाठले. "सर, तुम्हीसुद्धा?" एवढेच तो म्हणाला. त्या दोन शब्दांत मी प्रस्थापितांच्या बाजूला जाऊन बसलो असल्याचा आरोप होता. त्याला उत्तर द्यायला तेव्हा वेळ नव्हता. आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळ नीट मांडलेले उत्तरही नव्हते. ते आता देतो आहे. हे उत्तर त्या एका मुलासाठी नाही. आपल्या चळवळीत सध्या 'पूर्णवेळ' या शब्दाला जी पवित्र झळाळी आली आहे, तिची तपासणी करावी असे मला वाटते.

१

आधी त्या मुलाच्या चिडीचे मूळ पाहू. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला शपथपत्र भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून त्यात मालमत्ता, कर्जे, गुन्हे, शिक्षण यांचा तपशील द्यावा लागतो. पुढे उत्पन्नाच्या साधनांचा रकानाही आला. मी वाङ्मयाचा शिक्षक. कविता, कादंबरी यांची समीक्षा करण्यात माझे आयुष्य गेले. पण अलीकडे मला वाटू लागले आहे की, महाराष्ट्रातल्या ग्रामीण सत्तेवरचे सर्वांत बोलके गद्य या शपथपत्रांत आहे आणि त्याची समीक्षा कोणी करीत नाही.

त्यातला व्यवसायाचा रकाना वाचा. "शेती व समाजसेवा." किती सात्त्विक शब्द! हा रकाना वाचून डोळ्यांपुढे धोतराचा सोगा खोचून नांगर हाकणारा आणि संध्याकाळी देवळाच्या पारावर लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा एखादा भला माणूस उभा राहतो. मग पान उलटावे. तिथे कारखान्याचे भागभांडवल असते, पत्नीच्या नावावरचा पेट्रोलपंप असतो, मुलाच्या नावावरची बांधकाम कंपनी असते, शहरातल्या इमारतीतले गाळे असतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर लागत नाही, हे 'शेती' या शब्दाच्या लोकप्रियतेचे एक कारण. आणि 'समाजसेवा' या शब्दाचे कारण असे की, ज्या संस्थेच्या, बँकेच्या, कारखान्याच्या अध्यक्षपदावरून सारा तालुका मुठीत ठेवता येतो, ते अध्यक्षपद बहुधा मानद असते. पगार नाही, म्हणून तो धंदा नाही. धंदा नाही, म्हणून ती सेवा.

आमच्या बापजाद्यांनीही पिढ्यान् पिढ्या पगाराशिवाय कामे केली. मेलेली ढोरे ओढली, सांगावे नेले, वेस राखली. त्याला कोणी समाजसेवा म्हटले नाही. त्याला वेठ म्हटले. म्हणजे बिनपगारी काम कोणाचे आहे, यावर त्याचे नाव ठरते. हा भाषेतला भेद आपण ओळखला नाही, तर ठराव कितीही कडक केला तरी तो भलत्याच माणसाच्या पाठीवर पडेल.

२

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका खाजगी शिक्षण संस्थेत मी सत्तावीस वर्षे नोकरी केली. संस्थेचे अध्यक्ष हे आमचे आमदार. त्यांनी संस्थेकडून एक पैसाही पगार घेतला नाही, हे ते दरवर्षीच्या स्नेहसंमेलनात सांगत आणि आम्ही टाळ्या वाजवीत असू. त्याच वर्षांत निवडणूक आली की शाळेच्या स्टाफरूममध्ये मतदारयाद्या येत. कोणत्या वस्तीची जबाबदारी कोणत्या शिक्षकाकडे, हे मुख्याध्यापक वाचून दाखवीत. आमच्या वस्तीची यादी न चुकता माझ्याकडे येई. "तुमची माणसं आहेत, तुमचं ऐकतात," असे प्रेमाने सांगितले जाई.

एका निवडणुकीत मी यादी परत केली. कोणी रागावले नाही, कोणी दम दिला नाही. जूनमध्ये माझे वरच्या वर्गांचे तास काढून घेतले गेले, आणि वरिष्ठ श्रेणीचा माझा प्रस्ताव 'त्रुटी आहेत' या शेऱ्यासह तीन वेळा परत आला. चौथ्या वेळी तो मंजूर झाला, कारण तोवर पुढची निवडणूक आली होती आणि मी यादी घेतली होती. हे मी अभिमानाने सांगत नाही. घरात दोन मुले शिकत होती. पण लोकप्रतिनिधीचा दुसरा व्यवसाय म्हणजे काय, हे मला त्या तीन शेऱ्यांनी शिकवले.

आमदारसाहेब किती तास विधानसभेत बसत आणि किती तास संस्थेत, हा प्रश्न मला कधीच पडला नाही. ते दिवसाचे चोवीस तास विधानसभेत बसले असते, तरी माझे मत त्यांच्या खिशातच होते. वेळ कुठे जातो यापेक्षा कोणाची भाकरी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा आहे. आपल्या शिबिराच्या ठरावाने तास मोजले. भाकरीकडे पाहिले नाही.

३

मराठीतल्या राजकीय कलाकृतींनीही हा प्रश्न जवळून पाहिला आणि तरी त्याला बगल दिली, असे माझे मत आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' आठवावा. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला हा चित्रपट. साखर कारखान्याच्या जोरावर परिसरावर राज्य करणारा हिंदुराव, आणि दारूत बुडालेला, पण सद्सद्विवेक न मेलेला मास्तर. मास्तर एका बेपत्ता माणसाचा शोध घेत राहतो. त्या माणसाचे नाव मारुती कांबळे. हे आडनाव या त्रैमासिकाच्या वाचकांना निराळे उकलून सांगायला नको.

चित्रपट मोठा आहे, यात वाद नाही. पण त्याची सारी शक्ती हिंदुराव आणि मास्तर या दोन मनांच्या झुंजीत खर्ची पडते. मारुती कांबळे हा प्रश्न म्हणून येतो. माणूस म्हणून फारसा येत नाही. आणि ज्या कारखान्यामुळे हिंदुरावाला माणूस नाहीसा करता येतो, तो कारखाना पार्श्वभूमीला उभा राहतो. ऊस कोणाचा आधी तोडला जातो, वजनकाट्यावर कोण बसतो, कर्जाची हमी कोण देतो, तोडणीवाल्याची उचल कोणाच्या वहीत लिहिली जाते, हे आपल्याला दिसत नाही. परिणामी प्रेक्षक बाहेर पडताना 'हिंदुराव फार वाईट माणूस' किंवा 'हिंदुराव वाईट असला तरी रुबाबदार माणूस' एवढेच घेऊन जातो. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून १९७९ साली आलेल्या 'सिंहासन'मध्येही सत्तेचा खेळ मुंबईच्या मंत्रालयाभोवती फिरतो. खेळाडूंच्या मागचे गावाकडचे आर्थिक मूळ सूचनेने येते.

मध्यमवर्गीय लेखकाला राजकारणी माणसाचे चारित्र्य दिसते, कारण तो त्याच्याकडे बाहेरून पाहतो. आम्ही त्याच्या नोकरीत, त्याच्या फडावर, त्याच्या कर्जाच्या वहीत असतो. आम्हांला त्याच्या चारित्र्याआधी त्याचा शिक्का दिसतो. दलित साहित्याने जातीच्या दाहाचे दर्शन घडविले. आता त्याने या शिक्क्याचे, या वहीचे वर्णन करायला हवे. ते काम अजून पुरते झालेले नाही.

४

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमच्या विद्यार्थी मित्राचा भर कायद्यावर होता.

संविधानाच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ नुसार, सरकारच्या अखत्यारीतील लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती खासदार किंवा आमदार राहू शकत नाही. त्यातून ज्या पदांना कायद्याने सूट दिली असेल ती पदे वगळायची. हेतू योग्य आहे. सरकारला जाब विचारणारा माणूस सरकारच्याच मेहेरबानीवर जगू नये. पण ही चाळणी कोणाला अडविते आणि कोणाला जाऊ देते?

ती तलाठ्याला अडविते, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला अडविते, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेला अडविते. त्यांना सेवानियमांनी राजकीय पक्षाचे सभासदसुद्धा होता येत नाही. निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा. उलट सहकारी कारखान्याचे, खाजगी शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद हे सरकारच्या अखत्यारीतील पद मानले जात नाही, मग त्या कारखान्याच्या कर्जाला सरकारची हमी असो की त्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होत असो. आणि चाळणीत मोठे मासे अडकलेच तर चाळणीची भोके मोठी करण्यात येतात. २००६ साली जया बच्चन यांचे राज्यसभेचे सदस्यत्व उत्तर प्रदेशातल्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे गेले. पाठोपाठ सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला. आणि त्याच वर्षी संसदेने १९५९ च्या कायद्यात दुरुस्ती करून कितीतरी पदांना मागील तारखेपासून सूट देऊन टाकली. राष्ट्रपतींनी विधेयक एकदा परत पाठविले, तरी ते पुन्हा संमत झाले.

वकिलीची गोष्ट तशीच. १९९६ साली मुंबईतल्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वैद्यकी चालू ठेवून वकिलीची सनद मागता येणार नाही. वकिली हा माणसाचे पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयापुढे खासदार-आमदारांच्या वकिलीचा प्रश्न आला. तेव्हा निर्णय असा झाला की, लोकप्रतिनिधी वेतन घेत असला तरी तो कोणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, म्हणून त्याला वकिली करण्यास मनाई नाही. कायद्याच्या शब्दांप्रमाणे दोन्ही निकाल बसविता येतील. पण सामान्य माणसाने काय समजावे? रोगी तपासणे आणि वकिली ही दोन कामे एका माणसाला झेपत नाहीत. देशाचे कायदे करणे आणि वकिली ही दोन कामे मात्र आरामात झेपतात.

या सगळ्यात आपल्या समाजाचे काय होते पाहा. बाबासाहेबांनंतर आपल्यात जो शिकलेला वर्ग तयार झाला, तो मुख्यतः सरकारी नोकरीत गेला. त्याच्याजवळ जमीन नाही, कारखाना नाही, संस्था नाही. म्हणजे कायदा नेमका तोच पोटधंदा अडवितो जो आमच्याजवळ आहे, आणि तोच मोकळा सोडतो जो आमच्याजवळ नाही. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून बाहेर पडलेल्या कांशीराम यांनी १९७८ साली बामसेफची उभारणी केली, तिच्यामागे हीच अडचण होती. नोकरदार माणूस रणांगणात उतरू शकत नाही; तर त्याने पैसा, बुद्धी आणि वेळ समाजाला द्यावा. ती तोड होती, आणि तिने काम केले. पण आपला सर्वांत शिकलेला वर्ग प्रतिनिधित्वापासून कायद्याने दूर ठेवला गेला आणि आपण ते स्वाभाविक मानले, हे विसरून चालणार नाही.

५

"पण बाबासाहेबांनी सर्वस्व वाहिले होते," असे शिबिरात एकाने म्हटले. वाहिले होते, यात शंका नाही. पण ते कसे, हे पाहायला हवे.

१९२३ साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९२७ पासून ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसू लागले. वकिली सुटली नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते कौन्सिलचे सदस्य असलेले वकील आंबेडकर. त्याआधी ते एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पुढे सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ च्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आपल्या पाचव्या ठरावाच्या कसोटीला लावले तर बाबासाहेब नापास होतात. आजच्या कायद्याप्रमाणेही सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य आमदार राहू शकला नसता.

मग आपण काय म्हणायचे? मी म्हणतो की त्या वकिलीमुळे आणि त्या शिकविण्यामुळेच ते कोणाचे मिंधे राहिले नाहीत. त्यांच्यामागे कोणताही धनिक नव्हता. त्यांचे अन्न त्यांच्या विद्येतून येत होते. त्या विद्येच्या बळावर त्यांनी कोणाची भाकरी मुठीत धरली नाही. त्यांच्या अशिलाला ते नको असते तर तो दुसऱ्या वकिलाकडे जाऊ शकत होता. माझ्या आमदाराकडून मी दुसरीकडे जाऊ शकत नव्हतो. हा फरक नीट ध्यानात धरला, तर या लेखाचे निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट पगाराची. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठरविले होते की, सरकारी सेवकाला महिना पाचशे रुपयांहून अधिक वेतन नसावे. त्याला धरून १९३७ साली मुंबई प्रांतात मंत्र्यांसाठी पाचशे रुपये वेतनाचे विधेयक आले. त्यागाची हवा होती. त्या हवेत ऑगस्टमध्ये बाबासाहेब विधानसभेत उभे राहिले आणि त्यांनी या आकड्यावर कडाडून टीका केली. सामाजिक दर्जा, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार दृष्टींनी वेतनाचा विचार व्हावा, असा त्यांचा रोख होता. मला यातले तिसरे आणि चौथे सूत्र फार मोलाचे वाटते. वेतन हा लोकशाहीचा प्रश्न आहे! ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला पाचशे काय, शून्य वेतनही परवडते. त्याचा त्याग त्याच्या कुळांच्या घामावर उभा असतो. ज्याच्या घरी काही नाही, त्याला वेतन नाकारणे म्हणजे पदच नाकारणे.

जिथून आपण ही संसदीय पद्धत घेतली, त्या ब्रिटनमध्येही हाच अनुभव आहे. १८३८ च्या चार्टिस्ट कामगारांच्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन ही एक मागणी होती. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडले आणि वर्षाला चारशे पौंड ठरले. तेही केव्हा? कामगार संघटनांनी आपला पैसा मजूर पक्षाच्या राजकारणासाठी वापरू नये, असा निकाल १९०९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने दिला आणि कामगारांच्या खासदारांचे जगणे अवघड झाले, त्यानंतर. बिनपगारी संसद ही उमरावांची संसद होती. मात्र नुसत्या पगाराने प्रश्न सुटत नाही, हेही तिथेच दिसले. २०२१ साली ओवेन पॅटर्सन या खासदाराने दोन कंपन्यांकडून सल्लागार म्हणून पैसे घेऊन त्यांच्यासाठी सरकार दरबारी खटपट केल्याचे सिद्ध झाले. तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली आणि शेवटी त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याला खासदारकीचा पगार पोटापुरता नव्हता म्हणून हे झाले असे कोणी म्हणणार नाही. म्हणून दोन्ही बाजू धरायच्या. पोटासाठी पुरेसे वेतन, आणि पोट भरल्यावर हाव धरणाऱ्याला वेसण.

६

आता ज्या माणसासाठी माझा हात वर गेला नाही, त्या माणसाकडे येतो. माणूस म्हणजे बाई. माझी चुलत बहीण. राखीव जागेमुळे ती आमच्या गावची सरपंच झाली.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. खुर्ची आली. खुर्चीवर बसणाऱ्या बाईचे रोजचे काय, हे कोणी विचारले नाही. माझी बहीण दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. तालुक्याचा साहेब अकरा वाजता यायचा म्हणून ती रोज बुडवून बसते आणि साहेब दुपारी तीनला येतो, किंवा येतच नाही. ज्या दिवशी ती रानात जाते त्या दिवशी उपसरपंच गावभर सांगतो, "बाईला गावाच्या कामाची पर्वा नाही, खुरपं सोडवत नाही." त्या उपसरपंचाच्याच रानात ती खुरपत असते! ग्रामसभेत त्याच्या विरोधात ठराव मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर कामाला जायचे. एकदा ती मला म्हणाली, "दादा, दिस मोडून पंचायतीत बसले तर सांजच्याला चुलीवर काय शिजवू? शिक्का?"

सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट केले. गावच्या लोकसंख्येप्रमाणे ते महिना सहा हजार, आठ हजार आणि दहा हजार झाले. लहान गावाच्या सरपंचाला सहा हजार, म्हणजे दिवसाला दोनशे रुपये. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, खासदारांचे वेतन महिना एक लाखावरून १ लाख २४ हजार झाले. भत्ते, घर, प्रवास वेगळे. मी खासदाराच्या वेतनाला नावे ठेवीत नाही. बाबासाहेबांचे सूत्र मानणाऱ्याने ते करू नये. पण वरच्याला 'वेतन' आणि खालच्याला 'मानधन', हा शब्दांतला भेद पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगतो. मानाने पोट भरत नाही.

आपल्या पाचव्या ठरावाप्रमाणे माझ्या बहिणीने खुरपे टाकायला हवे. तिने ते टाकले तर ती उपाशी राहील किंवा राजीनामा देईल, आणि खुर्ची पुन्हा उपसरपंचाच्या मर्जीतल्या कोणाकडे तरी जाईल. उलट माझे जुने आमदारसाहेब त्या ठरावाने कुठे अडतील? संस्था पत्नीच्या नावावर होईल, कारखाना भावाच्या, कंपनी मुलाच्या. शपथपत्रात ते लिहितील: "समाजसेवा, पूर्णवेळ." ठराव कडक, आणि फास मात्र सरपंच बाईच्या गळ्याला.

७

माझ्या मुद्द्यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो मी टाळत नाही. राखीव मतदारसंघातून निवडून आलेले आपले प्रतिनिधी अनेकदा पक्षाचे बाहुले होतात. महाराष्ट्राच्या विधानसभेतल्या २८८ जागांपैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. इतके प्रतिनिधी असून अत्याचाराच्या प्रश्नावर आवाज का उठत नाही? पुणे करारानंतर बाबासाहेबांनी हेच दुखणे सांगितले होते. १९८२ साली कांशीराम यांनी 'चमचा युग' लिहिले ते यावरच. आक्षेप घेणारा म्हणेल, बाहेरचा व्यवसाय सोडा, पूर्ण वेळ लोकांना द्या, म्हणजे आवाज उठेल.

मला उलट वाटते. ज्याला पक्षाच्या तिकिटाशिवाय जगण्याचे दुसरे साधनच नाही, तो पक्षाचा सर्वांत आज्ञाधारक नोकर होतो. पूर्णवेळ राजकारणी म्हणजे पूर्णवेळ लोकांचा, असे समीकरण नाही. तो पूर्णवेळ श्रेष्ठींचाही असू शकतो. ज्या प्रतिनिधीला उद्या परत जाऊन वर्गात शिकविता येते, दवाखाना उघडता येतो, शिवणयंत्र चालविता येते, त्याला आज 'नाही' म्हणता येते. स्वकष्टाचा पोटधंदा ही 'नाही' म्हणण्याची ताकद आहे. आणि दुसऱ्याच्या कष्टावरचा धंदा ही लोकांना 'नाही' म्हणू न देण्याची ताकद आहे. दोन्हींना एकच 'व्यवसाय' शब्द लावणे हीच मूळ चूक.

म्हणून माझा ठराव वेगळा आहे. तो मी पुढच्या शिबिरात मांडणार आहे.

पहिले कलम: ज्या संस्थेला, बँकेला, कारखान्याला, कंपनीला सरकारी अनुदान, कर्जहमी किंवा कंत्राट मिळते, तिचे अध्यक्षपद, संचालकपद वा मालकी आमदार-खासदाराला आणि त्याच्या कुटुंबीयांना पदाच्या काळात असू नये, मानद असले तरी असू नये. ग्रामपंचायतीच्या कायद्यात हे तत्त्व आजही आहे. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. जे गावातल्या पंचाला लागू, ते मुंबईतल्या आमदाराला का नको? २०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. त्या मंडळावर निरनिराळ्या पक्षांचे पुढारी बसलेले होते. कर्ज मागणारे, कर्ज देणारे आणि कर्जाला सरकारची हमी मिळवून देणारे एकाच पंक्तीला बसले की काय होते, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको.

दुसरे कलम: सरपंचापासून खासदारापर्यंत प्रत्येकाला जगण्यापुरते वेतन. मानधन नव्हे, वेतन. आणि सभेच्या दिवशी मजुराची बुडालेली रोजी वेगळी.

तिसरे कलम: निवडून आलेल्या सरकारी नोकराला राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा आणि मुदत संपल्यावर जुन्या जागी परत येण्याचा हक्क. पदाच्या काळात तो सरकारचा पगार घेणार नाही, म्हणजे लाभाच्या पदामागचा हेतूही सुटणार नाही.

चौथे कलम: हितसंबंधांची उघड नोंद. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांचे नोंदपुस्तक आहे. संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, मोठे भागभांडवल, सल्लागारी, व्यावसायिक काम असे पाच प्रकार त्यात नोंदवावे लागतात. तसे पुस्तक प्रत्येक जिल्हा परिषदेत असावे, मराठीत असावे आणि कोणालाही उघडून पाहता यावे.

माझ्या विद्यार्थी मित्राला मी एवढेच सांगेन की, तुझी चीड मला हवी आहे. ती मी निवृत्तीबरोबर घरी ठेवून आलेलो नाही. पण चिडीला नेम लागतो. पुढच्या शिबिराला मी माझ्या बहिणीला घेऊन येईन. तिचा तो दिवसाचा रोज आपण वर्गणी काढून तिला देऊ, कारण ती रोज बुडवून येणार आहे. तिने ठरावाची कलमे ऐकावीत, आणि ज्या कलमाला तिचा हात वर जाईल ते कलम आपण मंजूर करावे.